भोग कोणाचा, पथ्य कोणाचं?

सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्यासाठी एक विलक्षण चिकित्सा सांगितली आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही किंवा ज्याला गणगोत नाही, त्याने अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षेचं अन्न खात, एका गावात एकच रात्र मुक्काम करत, मुनीसारखं मन आवरून शंभर योजनं किंवा त्याहूनही जास्त चालावं. योजन चार कोसांचं धरलं तर हे चारशे कोस झाले. श्रीमंताने सावा, देवभात असलं रानधान्य आणि आवळा-कवठासारखी फळं खाऊन रानात हरणांच्या संगतीत राहावं, गायींच्या मागे हिंडावं. बाकीच्यांनी सतत जमीन कसावी, नाहीतर विहीर खणावी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत आले. आमच्या घरात शुगर निघाली त्यानंतर कुठे हे सगळं नीट वाचलं, आणि वाचता वाचता थबकले. वैद्याने चिठ्ठीवर लिहून दिलेला हा संन्यासच आहे. फरक एवढाच, की हा संन्यास मोक्षासाठी नाही, लघवीतली साखर जावी यासाठी आहे. मग त्याला वैराग्य म्हणायचं का? रोगाच्या भीतीने आवरलेली जीभ आणि विवेकाने आवरलेली जीभ, धर्माच्या दरबारात दोघींची किंमत सारखीच का? आणि दुसरा प्रश्न त्याहून घरगुती. गणगोत नसलेल्याने चालत सुटावं हे ठीक. पण ज्याला बायको आहे, म्हातारी आई आहे, दोन्ही वेळा पेटणारी चूल आहे, त्याने काय करावं?

आमचे हे अकोटच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितात. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा सीझन. काट्यावर गाडी लागली की चहा, सौदा जमला की चहा, मोडला तरी चहा. आणि आमच्याकडचा चहा म्हणजे चमचा उभा राहील इतका गोड. सीझनच्या शेवटाला यांची दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढण्याआधी शुगर तपासून आणा. उपाशीपोटी १८६ आली, तीन महिन्यांची ९.१. उपाशीपोटी १२६ किंवा वर आणि तीन महिन्यांची साडेसहा किंवा वर गेली की मधुमेह म्हणायचा, असा हिशेब डॉक्टरांनी समजावला. दाढ राहिली बाजूला.

अकोटात आजार आणि सोयरीक या दोन गोष्टींची बातमी द्यावी लागत नाही. दोन दिवसांत माणसं भेटायला यायला लागली. प्रत्येकाजवळ एक नुस्खा होता, कुणाचं कारल्याचं पाणी, कुणाची मेथी, कुणाचं जांभळाच्या बियांचं चूर्ण. पण नुस्ख्याच्या आधी प्रत्येकजण एक वाक्य बोलायचाच. माझ्या सासूबाईंनी ते सगळ्यांत आधी म्हटलं, डोळ्याला पदर लावून: "माह्या लेकानं कोनाचं वाकडं केलं व्हतं? मांगच्या जल्माचा भोग हाय हा." यांचा चुलतभाऊ म्हणाला, "भोगल्याबिगर सुटका नाई, काकू."

भोग म्हटल्याने माणसाला धीर येतो, हे मी नाकारत नाही. "तू असं खाल्लंस म्हणून झालं" या टोचणीपेक्षा "तुझ्या नशिबी होतं" हे मऊ आहे. पण त्यात एक सोयही आहे. भोग म्हटला की तो ज्याचा त्याचा. आपल्या वेदान्तात कर्माची वाटणी कडक आहे: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. साचलेलं ते संचित, त्यातलं फळायला लागलेलं ते प्रारब्ध, आणि आता हातून होत असलेलं ते क्रियमाण. एकाचं कर्म दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. म्हणजे साखर यांच्या रक्तात, तर कर्मही यांचंच. मग आपण आपला शिरा खायला मोकळे.

हे हिशेबाचे माणूस, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. रोज सकाळी बोट टोचून दिसते ती साखर किर्दीसारखी, त्या दिवसापुरती. तीन महिन्यांची ती खतावणी. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला जेवढी साखर चिकटली तेवढी या तपासणीत उतरते. तपासणीच्या आदल्या दिवशी कडकडीत उपास केला तरी खतावणी फसत नाही. ती प्रारब्ध सांगत नाही, तीन महिन्यांचं क्रियमाण सांगते. हे हसले आणि म्हणाले, "म्हंजे ऑडिटच म्हना की."

पण मग प्रारब्धाचं काय? ते अगदीच खोटं म्हणून सोडून देता येतं का? सुश्रुतानेही प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे, जन्माबरोबर आलेला आणि अपथ्याने झालेला. पहिल्याचा रोगी कृश असतो, दुसऱ्याचा स्थूल. आमचे हे ना धड इकडचे ना तिकडचे. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र पुढे. "एवढ्या बारक्या मानसाले शुगर?" हा प्रश्न आम्हाला अख्ख्या गल्लीने विचारला.

त्याचं उत्तर मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामात सापडलं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपल्याकडचं बाळ जन्मतः लहान असतं, सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास. त्याच्या अंगावर मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून स्थूल. २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्रज मित्राचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं असेल तर बाळाचं शरीर टंचाईसाठी घडतं, आणि पुढे त्याच शरीराला भरल्या ताटाशी गाठ पडली की साखरेचं गणित बिघडतं, असा या अभ्यासाचा रोख आहे.

हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या. यांचा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. म्हणजे ७२ च्या दुष्काळात हे पोटात होते. आई तेव्हा खडी फोडायला जायच्या. रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी परदेशी ज्वारी. "तिची भाकर थापतानी तुटे," त्या म्हणाल्या, "अन् घशाखाली उतरे नाई. तुह्या सासऱ्याईले अन् पोराईले घालून जे राहे ते म्या खाओ." एका माणसाच्या आजारावर असा थेट निवाडा करता येत नाही, हे मला कळतं. यांच्या वडलांकडेही दोघांना शुगर होती, चहाचं वर सांगितलंच. पण त्या दिवसापासून माझ्यापुरता एक उलगडा झाला. मागच्या जन्माचं कर्म म्हणतात ते असेलही. फक्त तो जन्म यांचा नव्हता, आईंचा होता. आणि ते कर्मही त्यांचं नव्हतं. पाऊस पडला नव्हता, धान्य नव्हतं, आणि जे होतं ते आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जायचं, हे कोणा एकीचं पाप कसं? कर्म एकट्याचंच असतं, या सिद्धान्ताला माझ्या स्वयंपाकघरात पहिला तडा इथे गेला.

आता भीतीबद्दल. रिपोर्ट आल्यावर आमच्याकडे जे वैराग्य उतरलं ते बघण्यासारखं होतं. हे पहाटे पाचला उठून पोपटखेडच्या रस्त्याला लागले. भात बंद, साखर बंद, केळी बंद. अकोटच्या माणसाने केळीकडे पाठ फिरवायची म्हणजे गंमत नाही. कुणीतरी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं मोबाइलवर पाठवली. डॉ. श्रीकांत जिचकरांच्या विचारावर उभी असलेली ती पद्धत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचं, मधे काही नाही. हे घड्याळ लावून जेवायला बसले. आणि नवीन माळकरी जसा दुसऱ्याच्या ताटातलं कांदा-लसूण शोधतो तसे हे पाहुण्यांच्या ताटातली साखर शोधू लागले.

त्याच काळात आमच्या घरात दोन पातेली आली. एक यांच्या बिनसाखरेच्या चहाचं, एक आमच्या चहाचं. दोन्ही एकाच शेगडीवर शेजारी शेजारी. मी ते सोय म्हणून केलं होतं. पण यांच्या पातेल्याला मोलकरणीनेसुद्धा "काकाजीचं शुगरचं भगुनं" असं नाव देऊन टाकलं. आम्ही दोघी सासू-सून ओसरीवर गोड चहा पीत बसायचो आणि हे आपला कप घेऊन वर्तमानपत्राआड. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, ७.४. सगळ्यांना हायसं वाटलं. त्या संध्याकाळी हे जिनिंगमधून आले ते आनंदाने बुंदीचं पुडकं घेऊनच. पुढच्या महिन्यात पहाटेचं चालणं सुटलं. सीझन सुरू झाल्यावर काट्यावरचा चहाही परत आला. त्यानंतरच्या तपासणीत ८.६.

आपल्या परंपरेत याला नेमकं नाव आहे, स्मशानवैराग्य. चितेसमोर बसलेल्या माणसाला संसार नकोसा होतो, आणि घरी येऊन आंघोळ केली की पहिला घास गोड लागतो. रोगाचं निदानही माणसाला काही दिवस स्मशानात बसवतं. हे आमच्या अकोटचंच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून हजारो जोडप्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नवरा-बायकोपैकी एकाला नव्याने मधुमेह निघाला, तर दुसऱ्याच्या वागण्यात फरक पडतो का? पडतो. वजन कमी करण्याच्या वर्गाला जाणं, स्वतःची साखर आणि रक्तदाब तपासून घेणं, हे जोडीदारातही वाढलं. पण फरक लहानच होता. म्हणजे घरावर निदानाचा धक्का बसतो खरा, पण धक्क्यानंतर घर कुठे जातं हे धक्का ठरवत नाही.

मग भीतीतला संयम निरुपयोगी का? मी तसं म्हणणार नाही. देवळातही माणूस पहिल्यांदा नवस बोलायलाच जातो. भीतीने दार उघडलं तर उघडू द्यावं. पण भीतीला दोन उणिवा आहेत. रिपोर्ट बरा आला की ती ओसरते, ही पहिली. दुसरी आम्हाला एका एकादशीने दाखवली.

आषाढीला यांचा उपास असतोच. साबुदाणा, बटाटा, भगर हे सगळं साखर वाढवणारं, म्हणून यांनी त्या वर्षी फराळही टाळला. सकाळी शुगरची गोळी मात्र नेमाने घेतली. ती ग्लिमेपिराइडची होती, म्हणजे खाल्लं असो वा नसो, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी. अकराच्या सुमाराला आम्ही नरसिंग महाराजांच्या मंदिरात दर्शनाच्या रांगेत होतो. यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. मी विचारलं त्याचं उत्तर भलतंच दिलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने हातातल्या प्रसादाची खडीसाखर यांच्या तोंडात कोंबली आणि मला म्हणाली, "पानी पाज अन् बसव त्याईले. माह्या बुढ्याले असंच होये." पंधरा-वीस मिनिटांत हे माणसात आले. डॉक्टर नंतर चांगलेच तापले. असल्या गोळ्या घेणाऱ्याने विचारल्याशिवाय उपास करायचा नाही, करायचाच तर गोळीचं माप आणि वेळ आधी ठरवून घ्यायची, आणि खिशात साखर ठेवायचीच. साखर ७० च्या खाली गेली तर वाढलेल्या साखरेपेक्षा जास्त घाईचा धोका असतो.

ज्या साखरेला हे विष म्हणत होते तिनेच त्या दिवशी वाचवलं, आणि ज्या उपासाला पुण्य म्हणत होते तो अंगाशी आला. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधत नाही याची यादी आहे, त्यात अति खाणारा आहे तसाच अजिबात न खाणाराही आहे. ज्ञानेश्वरीतही तिथे मापाचा आग्रह आहे. मी हा भाग शाळेच्या पोरांना कितीदा सांगितला असेल. पण भीतीला माप कळत नाही. तिला एकतर सगळं हवं असतं, नाहीतर काहीच नको असतं. विवेक म्हणतात तो इथे सुरू होतो: कोणती गोळी, किती भाकर, केव्हा उपास, केव्हा खडीसाखर.

नरसिंग महाराजांचं नाव आलंच आहे तर सांगते. दासगणूंच्या 'गजानन विजय'मध्ये सहाव्या अध्यायात शेगावचे गजानन महाराज त्यांना भेटायला अकोटला येतात असा प्रसंग आहे. दोघांच्या गुजगोष्टींचा विषय काय, तर एक योगाच्या वाटेने गेला, दुसऱ्याने प्रपंच सोडला नाही. आणि प्रपंच सोडला नाहीस हे बरं केलंस, असं योगीच त्या प्रपंचातल्या संताला सांगतो. आमच्या पारायणात हा अध्याय दर वर्षी येतो. मला तो सुश्रुताच्या त्या चिकित्सेच्या शेजारी ठेवून वाचावासा वाटतो. सुश्रुताने गणगोत नसलेल्याला योग्याचा रस्ता दिला: घर सोड, चालत राहा. गणगोत असलेल्याचा रस्ता घरातूनच जातो, आणि तो काही सोपा नाही. रानात हरणांबरोबर सावा खाणाऱ्याच्या पुढ्यात कोणी आमरस आणून ठेवत नाही. घरात अक्षय तृतीयेला रस-पोळी होते, आणि ती आई स्वतःच्या हाताने वाढते.

आईंचाच शिरा हा आमच्याकडचा मोठा तात्त्विक पेच होता. "देवाचा हाय तो. एवढ्याश्या शिऱ्यानं काय व्हते?" प्रसाद नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं, आणि आईने केलेला नाकारणं म्हणजे आईला. ज्या बाईने मिलोची तुटकी भाकर खाऊन पोर जन्माला घातलं तिला साजूक तुपातला शिरा वाढण्यात काय मिळतं, हे मला समजत होतं. म्हणून मी वाद घातला नाही. आमच्या पारायण मंडळात मात्र विषय काढला. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आपण काय करतो? पिठलं, भाकर, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची. वऱ्हाडातल्या कष्टकऱ्याच्या घरचं जेवण हाच आपल्या संताचा महाप्रसाद. मग एरवीच्या पंगतीला बुंदी आणि शिरा कधीपासून अटीतटीचे झाले? मंडळातल्या बायका आधी कुरकुरल्या, "भंडाऱ्यात गोड नाई तं लोकं काय म्हनतीन?" नंतर एकेकीने आपापल्या घरातली शुगर सांगायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की पंगतीत बसणाऱ्या निम्म्या घरांत गोळ्या चालू आहेत. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावरचे सांगितले, ते आमच्या मंडळात बसल्या बसल्या पटलं. आता आमच्या पारायणाच्या समाप्तीला पिठलं-भाकर असते आणि गोडाचा प्रसाद तळहातावर मावेल एवढाच. कोणी रागावून उठून गेलेलं नाही.

घरातलं दुसरं पातेलंही मी काढून टाकलं. चहा एकच, बिनसाखरेचा. ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. सासूबाई घेतात, मी रोखत नाही. त्यांनी आयुष्यात साखर उशिराच पाहिली. पुण्याहून मुलगा आला की पहिले दोन दिवस तोंड वाकडं करतो. पण हे पुन्हा ओसरीवर येऊन बसायला लागले. त्यानंतरचा यांचा आकडा सातच्या खाली उतरला आणि तिथेच आसपास राहिला आहे. याचं श्रेय मी चहाला देणार नाही, गोळीही बदलली होती. पण एवढं नक्की, की पहिल्या वेळी यांचं पथ्य त्यांनी एकट्याने पाळलं होतं आणि दुसऱ्या वेळी घराने पाळलं.

थोरामोठ्यांच्या चरित्रातही हे दिसतं. फेब्रुवारी १९४८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेचा मसुदा सादर केला तेव्हा मधुमेहाने त्यांचं शरीर पोखरत आणलं होतं, पायांच्या वेदनांनी झोप नव्हती. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. इन्सुलिन आणि पथ्यपाणी सांभाळणारं जाणतं माणूस घरात हवं, हा त्या निर्णयामागचा एक विचार त्यांनी मोकळेपणाने लिहिलेला आहे. पुढे शारदाबाईंनी, म्हणजे माईसाहेबांनी, ते सगळं केलं. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या, एवढ्या निश्चयी माणसालाही हा आजार एकट्याच्या इच्छाशक्तीवर पेलला नाही, हे मला फार सांगणारं वाटतं. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही मला सोडवत नाही. पुरुषाला साखर निघाली की त्याचं पथ्य सांभाळायला एक बाई उभी राहते. बाईला निघाली तर?

आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत. आशाताई कमरेचा घेर मोजत, फॉर्म भरत आल्या तेव्हा वहिनींची शुगर निघाली. घरी त्यांनी ती सांगितली ती तवा खाली ठेवता ठेवता. पोरांना भात लागतो, म्हणून भात होतोच. उरलेला शिळा भात टाकवत नाही, म्हणून तो त्यांच्याच पोटात जातो. गोळी घेतात, जेवायची वेळ मात्र सगळ्यांचं झाल्यावर. त्यांच्यासाठी त्या घरातलं एकही भांडं बदललेलं नाही. त्यांनाही विचारलं तर म्हणतात, "भोग हाय बाई." ७२ सालच्या माझ्या सासूबाईंच्या ताटात आणि आजच्या या वहिनींच्या ताटात मला फारसा फरक दिसत नाही.

घरातल्या सगळ्यांची तपासून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा माझी उपाशीपोटी ११२ आली होती. बॉर्डरवर. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असल्याच उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला: नुसतं राहू दिलं तर तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, चालणं आणि खाणं बदललेल्यांत ३९ जणांना. म्हणजे माझ्यासाठी रस्ता अजून उघडा होता. खाणं तर बदललंच होतं. अडचण चालण्याची. पहाटे पाच ते सात हे दोन तास म्हणजे यांचा डबा, आईंचं गरम पाणी, देवपूजा, झाडलोट. मला साखर सोडायची नव्हती, मला सकाळ हवी होती, आणि आमच्या घरातली सकाळ कधीच माझी नव्हती.

मी यांना सरळ सांगितलं. यांनी आधी "बाई लावू" म्हटलं. मी म्हटलं, बाई लावून माझं पथ्य बाईकडे जाईल, तुमच्याकडे येणार नाही. आता सकाळी चहा आणि डब्याची भाजी यांच्याकडे आहे. भाकर अजून जमत नाही, ती मी आल्यावर थापते. वांगं चिरताना हे हिशेबाच्या वहीसारखं एकसारखं चिरतात आणि तेवढ्यात फोडणी जळते. सासूबाईंना सुरुवातीला ते पाहवेना. "बायको फिरायले अन् नवरा चुलीपाशी, कलयुग म्हनतात ते हेच." पण त्याच वांग्याच्या भाजीला आता त्या स्वतः मीठ चाखून देतात.

भीतीच्या संयमाला धर्म म्हणायचं का, या प्रश्नाचं माझं उत्तर इथून येतं. भीती फक्त आपल्या कातडीपुरती असते. मला काही होऊ नये, एवढीच तिची धाव. यांनी स्वतःच्या ९.१ ला घाबरून भात सोडला ते पथ्य होतं, आवश्यक होतं, चांगलंच होतं. माझ्या ११२ साठी ते पहाटे उठून वांगं चिरतात तिथे त्यांच्या शरीराला कसलाच धाक नाही, फायदाही नाही. त्याला मी धर्म म्हणते. प्रारब्ध ज्याचं त्याचं असतं, यावर मी शास्त्राशी भांडायला जाणार नाही. क्रियमाण मात्र घरात वाटून घेता येतं, हे मी पाहिलं आहे, आणि ज्या घरात ते एकीच्याच वाट्याला येतं तिथे कितीही पारायणं झाली तरी साखर उतरणार नाही, असं मला वाटतं.

त्या वहिनींना मी माझ्यासोबत चालायला बोलावलं आहे. त्यांचे मालक म्हणाले, सकाळी चहा कोण करीन? आमच्या यांनी त्यांना शिकवायची तयारी दाखवली आहे.